उजेडाची तुरटी

३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून झिजवत नाही.

परवा तुझा बाप येऊन गेला. माझा धाकटा भाऊ असून आता माझ्याहून म्हातारा दिसतो, हे त्याला सांगू नकोस. किंवा सांगच. मी विचारलं, पोरगी तिकडे करते तरी काय? म्हणाला, "दादा, ती अणू मोजते. एकेक करून." मी म्हटलं, बरोबर आहे, लहानपणी माझ्या पंपघराच्या पायरीवर बसून मुंग्या मोजायची. काम तेच, मुंग्या तेवढ्या बारीक झाल्या. मग तो म्हणाला की त्या मोजणीवरून तुम्ही लोक पाण्याचं वय सांगता, म्हणजे जमिनीखालचं पाणी पाऊस होऊन कधी पडलं होतं ते. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काकू म्हणते, "सत्तावन्न वर्षांत माझं वय एकदा विचारलं नाहीत, आणि आता पाण्याची चौकशी!"

आमच्या शाळेमागचा झरा तुला आठवत असेल. टेकडीच्या पायथ्याचं दगडी कुंड, पेटवलेल्या काडीसारखा वास, आणि नाक धरून उभी असलेली तू. मी दुसरीत असताना एके वर्षी असा पाऊस लागला की वर्गाचं छप्पर तीन जागी गळू लागलं. आमच्या कवितेच्या बाई (गणितही त्याच शिकवायच्या, पण गणिताच्या बाई त्यांना कुणी म्हणालं नाही) बादल्या लावून थकल्या आणि सगळा वर्ग व्हरांड्यात घेऊन आल्या. टेकडीकडे बोट करून म्हणाल्या, "हे पाणी कुठे चाललंय?" कुणी म्हणालं नदीला, कुणी समुद्राला. बाई म्हणाल्या, "सगळं नाही. थोडं दगडात शिरतंय. ते फार सावकाश चालतं. तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हा या झऱ्यातून वर येईल. तेव्हा प्यायला या बरं का." आणि फळ्यावर स्वतःच्या चार ओळी लिहिल्या:

थेंबा थेंबा, खाली जा रे,
दगडादगडातुन वाट काढ;
आम्ही होऊ आजी-आजे,
ओंजळीत मग पाणी वाढ.

अक्षर असं, की फळा पुसायला मॉनिटरचा हात धजेना. बाईंचा आणखी एक नियम होता. उशीर झाला की दारात उभं राहून खरं कारण सांगायचं. कारण खरं असलं की शिक्षा नाही. आम्ही खोटी कारणं किती मेहनतीने रचायचो, आणि त्यांना ती दारातच कशी कळायची, देव जाणे.

वर्गात आम्ही एकतीस जण होतो. इथे आता मी एकटा. संध्याकाळी कुंडावर जाऊन बसतो. पीत मात्र नाही. तू सात वर्षांची असताना ते पाणी प्यालीस आणि अकरा दिवस तापलीस, तेव्हापासून एक घोट घेतलेला नाही. पण बाईंनी बोलावलंय, हे मनातून जात नाही. आलं असेल का गं ते पाणी? का अजून वाटेतच आहे?

तुझ्या यंत्राला विचारशील?

तुझा
पंपकाका


२१ ऑगस्ट

ती. पंपकाका,

तुम्ही आशीर्वाद झिजवत नाही, मग मी तरी नमस्कार का झिजवू?

मी आधी फोनच केला होता. तुम्ही उचललात, "पाणी संध्याकाळी सहाला येईल" म्हणालात आणि ठेवून दिलात. काका, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली! कानाचं यंत्र खिशात ठेवायला दिलेलं नाही. असो, पत्र बरं.

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उडी मारली. त्या पाण्याला काडीचा वास अजून येतो ना? मग त्यात गंधक भरपूर असणार, आणि मला असंच वाईट पाणी हवंय. सांगते का ते. पाण्यात एक फार दुर्मिळ अणू असतो, तो आम्ही मोजतो. पण तंतोतंत त्याच्याच वजनाचा गंधकाचाही एक अणू असतो. आम्ही यांना समभारी म्हणतो. आमचं यंत्र म्हणजे शेवटी तराजूच, त्याला दोघं एकच वाटतात, आणि गंधक बिनदिक्कत त्याच्या नावावर स्वतःला मोजून घेतो. जगात काही अजस्र यंत्रं आहेत, ती या दोघांना प्रचंड वेगाने पळवून वेगळं करतात. आमचं यंत्र त्यामानाने खेळण्यातलं. पण आम्ही त्यात हिरवा लेझर सोडतो. तुम्ही गढूळ हौदात तुरटी फिरवायचात ना, तशी ही उजेडाची तुरटी. फिरवली की गंधक बाजूला! पुढचं सांगत बसत नाही, तुम्हाला कंटाळा येईल.

सहा वर्षं मी या हॉलच्या कोपऱ्यात हेच करतेय. पंचवीस नोव्हेंबरला समिती येणार आहे. गंधकाने भरलेलं पाणी आमच्याकडेही मोजायचं आणि एका अजस्र यंत्रावरही. आकडे जुळले तर कोपरा माझा. नाही जुळले तर नळ्या सुट्या करून जागा दुसऱ्या गटाला. आमचे साहेब (एकेक शब्द तोलून बोलतात म्हणून त्यांचं नाव आम्ही 'तराजू' ठेवलंय) म्हणाले, "नमुना अवघड निवडा. सोप्यात पास होण्याला मी पास म्हणत नाही." तुमच्या झऱ्याहून अवघड मला ठाऊक नाही.

तर चार बाटल्या भरा, एकेक लिटरच्या. क्रमांक घाला. आणि पाणी जसंच्या तसं पाठवा. दोनदा अधोरेखित करतेय.

एक गंमत. या हॉलमध्ये अकरा पंप अखंड चालतात. मागच्या महिन्यात चहा पिता पिता मी म्हटलं, "सातव्याचं बेअरिंग जाणार." तिसऱ्या दिवशी गेलं. तेव्हापासून लोक मला जरा घाबरून असतात. तुमच्या पायरीवरचं शिक्षण!

त्या झऱ्याशी माझंही एक जुनं भांडण मिटवायचं आहे. ते कधीतरी सांगेन.

तुमची
भिंगरी


२ सप्टेंबर

चि. भिंगरी,

चार बाटल्या वेगळ्या खोक्यातून रवाना केल्या आहेत. क्रमांक माझ्या हातचे, बाईंनी गिरवून घेतलेल्या वळणाचे. चार आकड्याची शेंडी नीट बघ.

सकाळी सातला कुंडावर गेलो. शाळा सुरू व्हायची होती. पाणी अगदी हळू येतं, दोऱ्याएवढी धार. चार बाटल्या भरायला तास गेला, आणि त्या तासात मी दुसरीपासून चौथीपर्यंत सगळ्या कविता म्हणून घेतल्या. तिसरीतल्या एका कवितेचं एक कडवं सापडेना. घरी येताना बाजारात, कांदे निवडताना सापडलं. मोठ्याने म्हटलं. कांदेवाल्याने दोन कांदे जास्त घातले.

पाणी जसंच्या तसं आहे. तू दोन रेघा मारल्यास, मी तीन मारतो. माझ्या हातून चाळीस वर्षांत कुणाच्या घरी वाईट पाणी गेलेलं नाही, मग तुझ्याकडे कसं जाईल? काही काळजी करू नकोस. दोन तास स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं आणि सगळ्यात मोठं पातेलं मी अडवून ठेवलं, म्हणून काकू अजून फुरंगटलेली आहे.

तुरटीची उपमा आवडली. पण कंटाळा येईल म्हणून पुढचं सांगितलं नाहीस, हे बरं केलं नाहीस. मी अख्ख्या गावाच्या पाण्याची चव जिभेवर ठेवून होतो. गंधक बाजूला होतो म्हणजे कसा? खाली बसतो? तुरटीने तर गाळ खाली बसतो.

पंचवीस नोव्हेंबरवर भिंतीच्या कॅलेंडरात गोल केला आहे. काकू म्हणते, तिथे दूधवाल्याचे खाडे लिहिलेले असतात. आता गोलाभोवती लिहील.

पंपकाका


१० ऑक्टोबर

ती. काका,

बाटल्या सुखरूप पोचल्या. मोजणी चालू आहे. उत्तराला थोडा उशीर होईल. घाई करू नका. तब्येतीला जपा, काकूला नमस्कार.

भिंगरी


२० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी! "तब्येतीला जपा" असं तू आयुष्यात कधी लिहिलेलं नाहीस. म्हणजे काहीतरी वाईट आहे आणि तू म्हाताऱ्याला जपतेयस.

मी ओळखलंय. पाणी बाईंच्या पावसाचं नाही, हो ना? मागच्या वर्षीचंच निघालं. की त्याहून वाईट? टेकडीवरच्या टाकीची गळती तर नाही ती? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. टाकी मी उभं राहून बांधून घेतली होती. सत्तर वर्षांपूर्वीच्या पावसाचा झरा म्हणून ज्याच्यापाशी बसून मी कविता म्हणतो, ती माझ्याच टाकीची गळती असली तर मी कुणाला तोंड दाखवू? काल काठी घेऊन टाकीला फेरी मारून आलो. भिंत कोरडी आहे. पण तळ कुणी पाहिलाय?

काकू म्हणते, "गळती असली तरी कविता खराब झाल्या का?" तिला काव्य कळत नाही, पण कधीकधी ती अशी बोलते की वाद घालता येत नाही.

खरं काय ते लिही. बाईंचा नियम आठव. दारात उभं राहायचं, खरं कारण सांगायचं, शिक्षा नाही.

पंपकाका


२९ ऑक्टोबर

ती. पंपकाका,

दारात उभी आहे. खरं कारण सांगते.

तुमच्या टाकीला काही झालेलं नाही. झालंय ते माझ्या दिव्याला. आता कंटाळा आला तरी सगळं वाचा, तुम्हीच मागितलंत.

पाण्यात मीठ असतं आणि मिठात क्लोरिन. हो, तुमचाच, पंपघरातला. क्लोरिनचे अणू बहुतेक पस्तीस नाहीतर सदतीस वजनाचे. पण दहा लाख कोटींत एखादा छत्तीसचा असतो. तो वर आभाळात तयार होतो आणि पावसातून उतरतो, म्हणून पाण्याबद्दल त्याला विचारायचं. पण गंधकाचाही एक छत्तीसचा असतो, आणि तो ढिगाने. या दोघांवर आम्ही एकेक उसना इलेक्ट्रॉन चढवतो, कारण त्याशिवाय चुंबक त्यांना वळवू शकत नाही. क्लोरिन तो उसना इलेक्ट्रॉन गच्च धरून ठेवतो. गंधकाची पकड सैल. हिरवा उजेड पडला की गंधकाच्या हातून इलेक्ट्रॉन सुटतो, क्लोरिनच्या सुटत नाही. सुटला की चुंबकाचा त्याच्यावर हक्क संपला. सगळे वळणावर वळतात, हा सरळ जाऊन भिंतीवर आपटतो. तेव्हा खाली बसत नाही, काका, भिंतीला जाऊन चिकटतो. धावत्या अणूवर उजेड धड पडत नाही म्हणून आधी त्यांना हेलियम भरलेल्या दोन हात लांब नळीत शिरवून दमवतो. तिथे ते रेंगाळतात, आणि तेवढ्यात आम्ही तुरटी फिरवून घेतो. केशरी चष्मा घालून काम करावं लागतं. सगळं नळीच्या आत, बाहेरून हिरवा ठिपकासुद्धा दिसत नाही. पण मला तो आहे हे माहीत असतं, आणि सहा वर्षं मी त्याच्यावर जीव टाकलाय.

आता आकडे. तुमच्या पहिल्या दोन बाटल्या मी अजस्र यंत्राकडे पाठवल्या. त्यांना दहा लाख कोटींत एक मिळाला. तिसरी आणि चौथी मी मोजली. मला मिळाले सतरा.

एक झरा, एक सकाळ, एक माणूस भरणारा. आणि एकाला सतरा! तराजूसाहेब म्हणाले, "तुमच्या दिव्यातून गंधक निसटतोय. सोळा गंधकाचे, एक खरा." मी कोरे नमुने, म्हणजे ज्यांत छत्तीसचं काहीच नसतं ते, पुन्हा घातले, ते स्वच्छ आले. साहेब म्हणाले, "कोऱ्यात कोण नापास होतं?" नळी उघडली, आरसे पुसले, पुन्हा लावले. पुन्हा सतराच. खरंच सतरा असण्याची एक शक्यता माझ्या डोक्यात होती. पण मोठं यंत्र एक म्हणतंय म्हटल्यावर ती बोलून दाखवायची हिंमत होईना.

आणि तुमच्या पाण्याबद्दल: एक आला म्हणजे साधं पाणी. कालचं असेल, हजार वर्षांपूर्वीचंही असेल. त्यावरून बाईंचा पाऊस ओळखता येत नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटतंय.

पंचवीस तारखेला मी उभी राहीन आणि सांगेन की जमलं नाही.

भिंगरी


८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस काकूचे आशीर्वाद. (मी झिजवते. मला नवे मिळतात.)

तुझं पत्र आल्यापासून इकडचा पंप बंद पडलाय. जेवताना घास हातात धरून बसतात. कविता नाही, कुंडावर जाणं नाही. काल मी फडताळ आवरत होते तर मागून येऊन म्हणाले, "ती रिकामी डबी टाकू नकोस, पुरावा आहे." कसली डबी, कसला पुरावा, विचारलं तर डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, पोरीला काय लिहायचं असेल ते लिहून मोकळे व्हा. म्हणाले, "चाळीस वर्षांत एक तक्रार नाही माझ्यावर." मी म्हटलं, तक्रारी मी घरातल्या घरात ठेवल्या म्हणून.

उद्यापर्यंत लिहिलं नाहीत तर मीच लिहीन, अशी धमकी दिली आहे. काय लिहायचं ते मला माहीत नाही, पण त्यांना ते माहीत नाही.

काकू


१२ नोव्हेंबर
(तातडीच्या टपालाने)

चि. भिंगरी,

उशीर झाला. खरं कारण सांगतो.

तुझ्या दिव्यात काही बिघाड नाही. खोटं बोललो ते मी. पाणी जसंच्या तसं नव्हतं. तीन रेघा मारून खोटं बोललो.

कुंडावरून घरी आलो आणि बाटल्या ओट्यावर मांडल्या. तुझे अकरा दिवस आठवले. तेव्हा तुझा बाप मला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच मला आजवर पुरलंय. पाणीखात्यातला मी, आणि माझ्या पुतणीला पाणी बाधावं! त्यानंतर कच्चं पाणी माझ्या हातून कुठे गेलेलं नाही. मला काय ठाऊक तुम्ही पाणी कसं मोजता? मला वाटलं, वय काढायचं म्हणजे घोटभर चाखूनही बघत असाल. म्हणून पहिल्या दोन बाटल्यांत ब्लीचिंग पावडरीची निवळ घातली. थोडी नव्हे, नव्या नळाला देतात तसा पुरा डोस, कारण प्रवास लांबचा. दुसऱ्या बाटलीला डबी संपली. मग तिसरी आणि चौथी काकूच्या मोठ्या पातेल्यात वीस मिनिटं खळखळ उकळून, गाळून, गार करून भरली.

तुझ्या पत्रात 'क्लोरिन' वाचलं आणि मी फडताळातून ती रिकामी डबी काढून समोर ठेवली. मी बाटलीत क्लोरिन ओतला, आणि तोही कारखान्यातला, ज्यात तुझा छत्तीसचा नावालाही नसेल. तुझे मोजके खरे माझ्या गर्दीत बुडाले. पंपघरात हिशेब सोपा असतो: हौदात पाणी वाढवलं की औषध पातळ होतं. मोठ्या यंत्राचा एक हा माझ्या हातचा पातळ केलेला एक आहे. तुझे सतरा खरे असावेत, असं माझं अडाणी मत.

त्यानंतर दहा दिवस गप्प बसलो, हा खरा गुन्हा. मला वाटत होतं, नोकरीच्या वहीत एक शेरा नसलेला माणूस म्हणून मरावं. काल रात्री बाई स्वप्नात आल्या. नुसत्या दाराकडे बघत होत्या.

सोबत वेगळ्या खोक्यात दोन बाटल्या आहेत, पाच आणि सहा. आज सकाळी भरल्या. कच्च्या. काकूने शेजारी उभं राहून झाकणं लावली आणि खोक्यावर सही केली, आता माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. डबीही पाठवतोय.

तुझ्या साहेबांना माझं हे पत्र दाखव. सगळं दाखव.

तुझा अपराधी
पंपकाका


२८ नोव्हेंबर

माझ्या लाडक्या, अडाणी नसलेल्या पंपकाका,

पत्र चौदाला सकाळी मिळालं. मी ते घेऊन जिन्यावरून धावत तराजूसाहेबांच्या खोलीत. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, बाईंच्या स्वप्नासकट. मग अजस्र यंत्रवाल्यांना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, "तुमच्या लिटरभर पाण्यातून क्लोरिन किती निघाला?" आमचा आकडा आमच्याकडे होता. त्यांचा आम्ही आजवर विचारला नव्हता, आमचा त्यांना सांगितला नव्हता. त्यांच्याकडे निघाला होता आमच्या सतरापट! साहेबांनी फोन ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "दोन्ही यंत्रं बरोबर होती. मधे एक तिसरं यंत्र होतं, काळजी करणारं." सहा वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद. नंतर गंभीरपणे म्हणाले, "कच्च्या बाटल्या मोजा."

पाच: सतरा. सहा: सतरा. तुमच्या उकळण्याने काही बिघडलं नव्हतं. मीठ कुठे उकळून उडतं?

समितीसमोर मी सगळं सांगितलं, तुमच्या डबीसकट. डबी टेबलावर ठेवली होती. एक वयस्कर बाई हसता हसता पाणी प्यायल्या आणि त्यांना ठसका लागला. कोपरा माझा राहिला! उलट शेजारची खोलीही मिळतेय.

आता सतराचा अर्थ ऐका. साध्या पावसात सतरा कधीच येत नाहीत. साहेबांनी सतरा खोटे मानले ते उगाच नाही, निसर्गात असं पाणी नसतं. फक्त एकदा होतं. तुम्ही लहान असताना दूरच्या समुद्रांवर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या. त्या माऱ्याने समुद्राच्या मिठातला क्लोरिन छत्तीसचा झाला, उंच गेला आणि काही वर्षं साऱ्या जगावर पावसातून उतरला. त्याआधीच्या पावसात तो इतका नाही, नंतर ओसरत गेला. त्या मोजक्या वर्षांच्या पाण्यावर तेवढा एक शिक्का आहे, टपालाच्या शिक्क्यासारखा. भिऊ नका, ते अणू इतके थोडे की मोजायला अख्खी इमारत लागते, जिवाला काही नाही. अमुक दिवशीचा पाऊस असं मी सांगू शकत नाही. पण तुम्ही चड्डीत आणि बाई फळ्यापाशी होत्या, त्या वर्षांमधलंच ते आहे. वर आलंय, काका. आता येतंय.

आणि आता माझं ते जुनं भांडण. मी सात वर्षांची असताना झऱ्याचं पाणी प्यालेच नव्हते. वासाने मी नाक धरून उभी असायचे, पिणार कुठून? शाळेच्या कुंपणाआडच्या झाडाची हिरवी फळं मी चोरून पोटाला तडस लागेस्तोवर खाल्ली होती. ताप आला तेव्हा मार बसेल म्हणून तुमच्यादेखत सांगितलं, "झऱ्याचं पाणी प्याले." तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते आजही दिसतं. पण आधी भीती वाटली, मग लाज, मग वर्षं गेली. माझ्या त्या थापेने तुम्ही एकोणतीस वर्षं पाणी उकळलंत, आणि शेवटी ती थाप फिरून माझ्याच बाटलीत आली. करावं तसं भरावं म्हणतात, ते चार लिटर भरलं.

उशीर झाला. खरं कारण सांगितलं. शिक्षा नाही ना?

पाचव्या बाटलीतलं थोडं पाणी शेजारच्या विभागातून जंतूंसाठीही तपासून घेतलं. एकही नाही. डोंगराने सत्तर वर्षं गाळलंय.

जा, प्या.

तुमची
भिंगरी


६ डिसेंबर

चि. भिंगरीस,

फळांचं वाचून आधी राग आला. राग येऊन मी उठलो, काकूला पत्र मोठ्याने वाचून दाखवायला गेलो, आणि त्या ओळीवर मलाच हसू फुटलं. काकूही हसत सुटली. म्हणाली, "तरी मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरीच्या फ्रॉकला हिरवा डाग कसला!" म्हणजे तिला एकोणतीस वर्षं संशय होता. या घरात खरं कारण सांगणारा मी एकटाच, आणि तोही दहा दिवस उशिरा. शिक्षा नाही. पण उन्हाळ्यात इथे आलीस की त्या झाडाखालून मान खाली घालून जायचं.

काल सकाळी दोघं कुंडावर गेलो. कानाचं यंत्र लावलं होतं, धारेचा आवाज ऐकायचा होता. शाळेतून पाढे ऐकू येत होते. काकूला म्हटलं, पेला आणलास? ती म्हणाली, "कवितेत ओंजळ आहे ना?" म्हणजे चार ओळी तिलाही पाठ आहेत. इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाही.

मी ओंजळ धरली. दोऱ्याएवढी धार, भरायला वेळ लागतो. त्या वेळात व्हरांडा दिसला, बादल्या, गळतं छप्पर, आणि बाईंचं बोट टेकडीकडे. मी तेव्हा पुढच्या रांगेत होतो, तोंड उघडून पागोळ्या झेलत होतो. म्हणजे तेव्हा अर्धा घोट प्यालो होतो, उरलेला काल.

कच्चंच प्यालो, भिंगरी. काडीचा वास, दगडाचा गारवा, आणि मागे एक किंचित गोड चव. ती चव तुझ्या यंत्रात येणार नाही, पण लिहून ठेव. काकूने आधी मला पिऊ दिलं, पाच मिनिटं माझ्याकडे टक लावून पाहिलं, मी पडत नाही अशी खात्री झाल्यावर मग स्वतः प्याली. तिने तीन ओंजळी घेतल्या.

निघताना मी कुंडाकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हणालो, "उशीर झाला, बाई. आत येऊ?"

काकू मागून म्हणाली, "आत कुठे? शेवाळ आहे, घसराल. या इकडे." आणि तिने हात पुढे केला.

तुझा
पंपकाका